पाच रिकामी कव्हरं

बंद होणाऱ्या दुकानांचा माल एकगठ्ठा उचलणारा गठ्ठेवाला अकराला येणार होता. साडेदहाला थोरलीनं काउंटर तिसऱ्यांदा पुसायला घेतला, तेव्हा भावजय म्हणाली, "ताई, आता पुसलात तर पॉलिश निघेल."

"निघू दे. त्याला काउंटर कुठं हवाय? त्याला रेकॉर्डी हव्यात."

"मग पुसता कशाला?"

थोरलीनं फडकं ठेवून दिलं. हात रिकामे झाले तशी बोटं फडक्याच्या दशा उपटायला लागली. ती कुणाला दिसू नयेत म्हणून तिनं दोन्ही हात काउंटरखाली घेतले. भावजयीनं ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. औषधाच्या दुकानात काउंटरला उभं राहून तिला ही कला चांगली साधली होती.

शटर अर्धं खाली होतं. दाराशी भाऊ घड्याळ बघत होता, आणि खिडकीजवळच्या उंच स्टुलावर बाबा बसले होते, हजामत केलेले, स्वच्छ शर्ट घातलेले. कुणी फोटो काढायला येणार असावं तसे. थोरली आणि तिचा हा भाऊ लहान असताना बाबांनी त्यांना रेकॉर्डींच्या वेगावरून नावं दिली होती. थोरली जेवायलाही तास लावायची, म्हणून ती तेहतीस. भाऊ घास गिळायच्या आत बोलायचा, म्हणून तो अठ्ठ्याहत्तर. आता अठ्ठ्याहत्तर पन्नाशीला आला होता, विमा विकत होता, आणि अजून त्याच वेगानं फिरत होता.

"अकरा म्हणजे अकरा ना रे?" बाबांनी विचारलं.

"अकरा म्हणजे अकरा, बाबा."

"गठ्ठेवाला कधी उशिरा येत नाही," बाबा म्हणाले. "मयताला माणूस वेळेवरच जातो."

कुणी हसलं नाही. एरवी हसले असते.

थोरलीला जी धास्ती होती, ती गठ्ठेवाल्याची नव्हती. ती सकाळी जिन्यात लागली होती. भाऊ संपलेल्या भाडेकराराची फाइल काढत होता, आणि त्याच्या बॅगेतून एक छापील कागद अर्धा बाहेर सरकला. वृद्धाश्रमाचं नाव वर ठळक होतं.

"हे काय आहे रे?"

"फॉर्म आहे."

"ते मलाही दिसतंय. कोणासाठी?"

"ताई, हे बघ. दुकान गेलं की वरच्या दोन खोल्याही गेल्या. तू माझ्याकडं राहा, बाबांनी माझ्याकडं राहावं. कुणी नाही म्हटलंय? पण उद्या त्यांचं डोकं चालेनासं झालं, तर दिवसभर त्यांच्यामागं कोण? आम्ही दोघं कामावर. तुलाही काहीतरी काम बघावं लागेल. म्हणून नुसता आणून ठेवलाय."

"तुझ्या धंद्यात माणूस मरायच्या आधीच सगळं भरून घेतात, नाही का?"

"बोल, तुला काय बोलायचं ते. पण एक ऐक. जोवर आठ हजार रेकॉर्डी बाबांना तोंडपाठ आहेत, तोवर मी या कागदाचं नाव काढणार नाही. तुझी शपथ."

"आणि नसल्या तोंडपाठ, तर?"

"नसायला काय झालं?" असं म्हणून त्यानं बहिणीकडं असं पाहिलं, की तिनं जिन्याच्या पायऱ्या मोजायला घेतल्या.

कारण झाकली मूठ सव्वा लाखाची होती, आणि मूठ तिनं झाकली होती. गेले चार महिने.

दुकानाची रीत पहिल्यापासून अशी, की पुढच्या खोक्यांत नुसती कव्हरं. रिकामी. चोरानं उचललं तरी पुठ्ठाच जायचा. रेकॉर्ड काउंटरमागच्या भिंतीवर, खाकी पाकिटात. कव्हरावर जो आकडा, तोच पाकिटावर. गिऱ्हाईक कव्हर आणून देई, बाबा रेकॉर्ड काढून आधी वाजवून दाखवत, आणि मगच विक्री. "ऐका आधी, मग घ्या," हे वाक्य त्यांनी आयुष्यात किती वेळा म्हटलं असेल याचा हिशेब थोरलीनं एकदा करून पाहिला होता, आणि घाबरून सोडून दिला होता. बत्तीस वर्षं काउंटरला बसून तिनं माणसांचेही दोनच खण केले होते: ऐकून घेणारी आणि नुसती ऐकून जाणारी. भाऊ यांपैकी कशातच बसत नसे. तो न ऐकताच घेणारा.

मग दोन वर्षांपूर्वी कोपऱ्यावरचं रेकॉर्डीचं दुकान गेलं. त्याचा म्हातारा मालक दहा दिवस दवाखान्यात होता. तेवढ्यात त्याच्या मुलांनी गठ्ठेवाल्याला बोलावलं. आकडे जागच्या जागी होते, यादी तयार होती. अर्ध्या दिवसात भिंती उघड्या. म्हातारा घरी आला, त्यानं शटर वर केलं, आणि तो तिथंच खाली बसला. बाबा तेव्हा त्याच्या शेजारी उभे होते.

त्याच आठवड्यात बाबांनी खोडरबर घेतलं. दीड महिना रोज दुपारी ते शिडीवर चढत, पाकिटांवरचे आकडे खोडत, आणि रेकॉर्डी या खणातून त्या खणात हलवत. वरच्या ओळीत वीस खण, खालच्या ओळीत वीस. शिडी थोरलीनं धरली होती.

"बाबा, हे कशाच्या क्रमानं लावताय?"

"माझ्या."

"मला सांगून ठेवा की."

"तुला सांगितलं, तर तू भावाला सांगशील. मला विचारल्याशिवाय या भिंतीतलं पान हलता कामा नये. मी आहे तोवर दुकान आहे, तेहतीस. आणि दुकान आहे तोवर मी."

पुढं दीड वर्ष काही बिघडलं नाही. कव्हर आलं की बाबांचा हात थेट खणावर. आणि मग चार महिन्यांपूर्वी एक दिवस तो हात हवेतच थांबला. बाबांनी खिडकीबाहेर पाहिलं, परत भिंतीकडं पाहिलं, आणि गिऱ्हाइकाला म्हणाले, "उद्या या." दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. तेव्हापासून बाबा जेवून वर गेले, की थोरली एकेक खण उपसून लेबलं वाचायची आणि डोक्यात ठेवायची. चाळीसपैकी चार खण झाले होते. आज गठ्ठेवाल्यानं त्या चारांतलंच काही मागावं, एवढीच तिची आशा. जुगाऱ्याचीही आशा याहून बरी असते.

"ताई," भावजय कव्हरांच्या खोक्यावर वाकून हळूच म्हणाली, "मला माहीत आहे."

"काय?"

"बाबा आमच्या दुकानात आले होते. एकाच सकाळी तीनदा. तीच चिठ्ठी, त्याच गोळ्या. तिसऱ्यांदा मी म्हटलं, संपल्यात, बाबा, उद्या या. तर हसून म्हणाले, हे तर माझं वाक्य आहे."

थोरलीनं दाराकडं पाहिलं. "त्याला सांगितलंस?"

"यांना? सांगितलं असतं, तर फॉर्म आणून ठेवला नसता, भरून ठेवला असता."

एवढ्या वर्षांत थोरलीनं या बाईचं नाव जमेच्या बाजूला कधी धरलं नव्हतं. आत्ता तिनं काउंटरखालचा हात पुढं केला, आणि भावजयीनं तो घट्ट दाबला.

तेवढ्यात शटर वाजलं.

गठ्ठेवाला वाकून आत आला. बारीक, नीटनेटका माणूस, आवाज मऊ. कमरेला किल्ल्यांचा जुडगा. चालताना तो किणकिणायचा. या बंद झालेल्या दुकानांच्या किल्ल्या, असं तो स्वतःच कौतुकानं सांगे. कुलपं केव्हाच बदललेली, पण प्रत्येक दुकान उचललं की त्याची एक किल्ली तो आठवणीला मागून घेई.

"नऊ झाल्या," तो बाबांना म्हणाला, जसं काही नातवंडांबद्दल सांगत होता. "तुमची दहावी. त्यानंतर या गावात रेकॉर्डीचं दुकान नाही. मलाही चैन पडणार नाही हो."

"तुम्हाला चैन पडायला आम्ही दुसरं उघडू का?" भावजय म्हणाली.

तो मनापासून हसला. मग त्यानं भिंतीकडं पाहिलं, दोन पाकिटं काढून उलटीपालटी केली, आणि हसू मावळलं. "आकडे कुठायत?"

"आकडे यांच्या डोक्यात," भाऊ बाबांकडं बोट करून म्हणाला. आवाजात अभिमान होता. विकणाऱ्याचा होता, पण होता.

"म्हणजे आठ हजार पाकिटं मी एकेक काढून बघायची? त्याला दुसरा जन्म लागेल, साहेब. मग मी वजनावर नेतो."

"वजनावर?" बाबा स्टुलावरून उतरले. "रद्दी आहे का?"

"रागावू नका. असं करू. पुढच्या खोक्यांतली पाच कव्हरं मी काढतो. पाचही रेकॉर्डी तुम्ही काढून दाखवा. दाखवल्यात, तर ठरल्या भावानं सगळं घेतो, आणि तुम्ही मला चार दिवस बसून क्रम सांगायचा. नाही तर वजन."

"काढा," बाबा म्हणाले.

थोरलीची पाचावर धारण बसली.

पहिलं कव्हर आलं. बाबांनी ते डोळ्यांपासून लांब धरलं, वळले, आणि खालच्या ओळीत उजवीकडून दुसऱ्या खणात हात घातला. चार पाकिटं चाळली. पाचवं बाहेर. गठ्ठेवाल्यानं लेबल वाचलं आणि मान डोलावली. दुसरंही तसंच, खालच्याच ओळीत, डाव्या टोकाला. भावानं घड्याळ बघणं सोडलं.

तिसरं कव्हर नुसत्या ढोलांचं होतं. बाबा वळले. हात उचलला. वरच्या ओळीकडं गेला आणि तिथं, हवेत, थांबला.

 किल्ल्या किणकिणल्या. बाबांनी मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर पत्रे होते. समोरची घरांची सगळी रांग पाडून तिथं उंच पत्रे ठोकले होते, आणि त्यांवर कुठल्याशा नव्या इमारतीचं हसरं चित्र होतं. बाबा त्या चित्राकडं पाहत राहिले. त्यांच्या मानेची शीर उडताना थोरलीला दिसत होती.

"बाबा?" भाऊ म्हणाला. आवाजातला अभिमान कुठं गेला होता कोण जाणे. त्याचा हात बॅगेच्या चेनवर होता.

काहीतरी बोलायला हवं होतं. काहीही. थोरली म्हणाली, "बाबा, ही रेकॉर्ड आपल्याकडं पहिल्यांदा कुणी मागितली होती हो?"

"शिंप्यानं," बाबा लगेच म्हणाले. "म्हणायचा, माझं मशीन या ढोलांबरोबर पळतं. एका महिन्यात तीन कोट जास्त शिवले त्यानं!"

"आणि तो राहायचा कुठं?"

"समोर. तिसरं दार. चपलांच्या दुकानाला लागून. तिथं..." त्यांनी पत्र्यांकडं बोट केलं, आणि बोट तसंच राहिलं.

समोर. तिसरं दार. थोरलीनं वरची ओळ पाहिली, खालची पाहिली. समोरची वीस दारं, आपल्या बाजूची वीस. म्हाताऱ्यानं अख्खी गल्ली भिंतीवर चढवली होती! ज्यानं जे पहिल्यांदा मागितलं, ते त्याच्या दारात ठेवलं होतं. हात अडला की ते खिडकीतून डोकावून दार बघून घ्यायचे. आणि दारं चार महिन्यांपूर्वी पाडली.

ती शिडीवर कशी चढली ते तिलाच कळलं नाही. वरची ओळ, तिसरा खण. सतरा पाकिटं चाळून झाली, अठरावं ढोलांचं.

"हीच," गठ्ठेवाला म्हणाला.

शिडीवरच तिला हसू फुटायला लागलं. चार महिने ती उगाच जीव मुठीत धरून होती. बाबांचं काही गेलं नव्हतं, गल्ली गेली होती. औषधाची चिठ्ठी? तीन वेळा गेले असतील. म्हातारी माणसं जातात, त्यात काय! चौथ्या कव्हराला तिनं वरूनच विचारलं, "कुणाचं, बाबा?" "नाचाच्या बाईंचं." "म्हणजे समोर, कोपऱ्याला." हात घातला, मिळाली. भाऊ चक्क टाळी वाजवता वाजवता राहिला.

बाबा मात्र तिच्याकडं वर पाहत होते. "तुला कळलं," ते म्हणाले.

"आत्ताच कळलं."

"मग आता माझं काय काम?"

ते थट्टेत म्हणाले होते. पण त्यांच्या डोळ्यांत थट्टा नव्हती. कोपऱ्यावरच्या दुकानाचा म्हातारा खाली बसला, तेव्हा त्याच्या डोळ्यांत जे होतं ते होतं. थोरलीचं हसू तोंडातच विरलं.

"पाचवं," गठ्ठेवाला म्हणाला, आणि त्यानं कव्हर काउंटरवर ठेवलं.

निळं, दिव्याचं चित्र असलेलं, एक कोपरा कुरतडलेला. तो कोपरा अठ्ठ्याहत्तरनं दात येताना कुरतडला होता. संथ पियानो. बाकी गावाला ती एक रेकॉर्ड होती, या घराला ती आई होती. लग्नाआधी ही रेकॉर्ड मागायला एक मुलगी दुकानात आली. बाबांनी "उद्या या" म्हटलं. रेकॉर्ड दुसऱ्याच दिवशी आली होती, पण बाबा अकरा दिवस "उद्या या" म्हणत राहिले, आणि ती अकरा दिवस येत राहिली. बाराव्या दिवशी म्हणाली, "रेकॉर्ड नसली तर तसं सांगा, मी नुसतीही येईन." पुढं आई गेली त्या सकाळपर्यंत शटर वर करायच्या आधी रोज हीच वाजायची. ही गोष्ट घरात इतकी सांगून झाली होती, की भाऊ ती आईच्या आवाजात सांगू शके.

जागा तर आंधळ्यालाही सापडली असती. खालची ओळ, उजवीकडून अकरावा खण. आपलंच दार.

बाबांनी कव्हर हातात घेतलं. दिव्यावरून अंगठा फिरवला. कुरतडलेल्या कोपऱ्यावरून फिरवला. पाठ बघितली, पुन्हा पुढून बघितलं.

"कुणाचं, बाबा?" थोरलीनं विचारलं. तिला उत्तर माहीत होतं, म्हणून ती निर्धास्त होती.

"चांगली दिसतेय," बाबा म्हणाले. मग अगदी नम्रपणे, परक्या माणसाशी बोलावं तसं, "पण कुणी मागितली होती ते नाही आठवत. हे आपल्या गल्लीतलं गिऱ्हाईक नसावं."

थोरलीनं शिडीची कड धरली. खाली भावजयीनं तोंडावर हात नेला. थोरलीला बघायचं नव्हतं, तरी तिनं भावाकडं पाहिलं. आता चेन उघडेल. आता तो कागद निघेल.

भावाचा चेहरा पांढरा पडला होता. हात चेनवरून सुटून खाली लोंबत होता. आयुष्यात पहिल्यांदाच तो सावकाश बोलला.

"ते विक्रीचं नाही."

"पाच ठरली होती, साहेब," गठ्ठेवाला म्हणाला.

"पाचवं दुसरं काढा. हे घरचं आहे. चुकून खोक्यात आलं."

"चुकून कसं येईल? खोक्यात तर..."

"अहो, घरचं आहे म्हणतायत ना," भावजय मध्येच म्हणाली. "तुम्ही काय, लोकांच्या घरातलंही उचलता का?"

गठ्ठेवाल्यानं तिघांची तोंडं पाहिली. नऊ दुकानं उचललेला माणूस, त्याला कुठं थांबावं हे कळत होतं. त्यानं दुसरं कव्हर काढलं. बाबांनी दार सांगितलं, थोरलीनं रेकॉर्ड काढली. पाचात पाच. गाडी उद्यापासून येईल, असं सांगून तो दाराशी गेला, आणि तिथून त्यानं हात पुढं केला.

"किल्ली?"

"उद्या," भाऊ म्हणाला.

शटरखालून किणकिणाट लांब गेला. तिघं भावंडांसारखी उभी राहिली, भावजयही. 

"किती दिवस?" भावानं विचारलं.

"चार महिने," थोरली म्हणाली. "हे मात्र आजच. हे मलाही माहीत नव्हतं. शपथ."

"चार महिने तुम्ही दोघी मला..." त्यानं वाक्य पुरं केलं नाही. बॅग उचलली, खाली ठेवली. "फॉर्मचं नंतर बघू," तो म्हणाला. 'नंतर' हा शब्द तो गिऱ्हाइकांना सांगायचा तेव्हा त्याचा अर्थ थोरलीला ठाऊक होता. आज त्याचा अर्थ त्यालाही ठाऊक नव्हता.

"अरे," बाबा म्हणाले. निळं कव्हर अजून त्यांच्या हातात होतं. "कुणाचं म्हणालात हे?"

अठ्ठ्याहत्तरनं तोंड खिडकीकडं फिरवलं.  भावजय म्हणाली, "तुमच्याच घरचं, बाबा."

"असं?" बाबांचा चेहरा उजळला. "मग द्यायला हवं नेऊन. वाट बघत असतील."

ते भिंतीपाशी गेले आणि खालच्या ओळीच्या उजव्या टोकाकडून चालायला लागले. प्रत्येक खणापाशी थांबत, बोटाच्या पेरानं लाकडावर दोनदा टकटक करत, कान देऊन जरा वेळ ऐकत, आणि पुढं सरकत. पहिलं दार. दुसरं. तिसरं. थोरली एक पाऊल मागं राहून त्यांच्याबरोबर सरकत होती. नववं. दहावं.

मग अकरावा खण आला, आपलंच दार. तिथं ते थांबले नाहीत. ज्या दारात आपलं काही काम नाही, त्यावरून माणूस जातो, तसे त्यावरून पुढं गेले, आणि पुढच्या दारावर त्यांनी टकटक केली.